कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे जंतू नाहीत असं नाही

न्यूमोनियाचा पेशंट आयसीयूत, ताप हटत नाही आणि थुंकीच्या कल्चरचा, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या टेस्टचा, रिपोर्ट येतो 'नो ग्रोथ'. नातेवाईकांना वाटतं चला, सुटलो. पण काही जंतूंना ऑक्सिजनच सोसत नाही, अ‍ॅनारोब म्हणतात त्यांना, आणि हवेत 21 टक्के ऑक्सिजन, त्यामुळे साध्या डबीतून लॅबपर्यंत जाताजाताच बरेचसे मरतात. बरं, जिवंत पोचले तरी काय, हेच जंतू हिरड्यांच्या खाचांत एरवीही ढिगाने असतात आणि थुंकी तोंडातूनच येणार, मग सापडलेला जंतू फुफ्फुसातला की दातातला हे कसं ठरवणार? म्हणून लॅबवाले थुंकीचं अ‍ॅनारोबिक कल्चर करत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

फुफ्फुसाभोवती पू साठला असेल तर तो सुईने थेट काढून, सिरिंजमधली हवा घालवून लगेच पाठवायचा. ब्लड कल्चरला दोन बाटल्या लागतात, त्यातली एक अ‍ॅनारोबची, आणि खर्च वाचवायला नेमकी तीच वगळली तर मग सापडणार काय!

तोवर खरी मदत करते ती हिस्ट्री. दारूच्या नशेत पडून होता का, फिट आली होती का, दात किडलेत का? शुद्ध नसली की तोंडातल्या जंतूंसकट लाळ श्वासनलिकेत उतरते, बहुतेकदा उजवीकडे, कारण उजवी नळी जास्त सरळ आणि रुंद असते. बेडक्याला सडका वास आला तर शंका जवळजवळ पक्की, वास नसला म्हणून मात्र शंका सोडायची नाही. आपल्याकडे अजून एक भानगड म्हणजे एक्सरेत पोकळी, वजन कमी, महिनाभर ताप असं दिसलं की पहिलं नाव टीबीचं येतं, तपासणी करायलाच हवी, पण ती निगेटिव्ह आल्यावर तरी अ‍ॅनारोब आठवावेत ना.

या जंतूंचा सगळ्यात फसवा प्रकार धडधाकट तरुणांमध्ये दिसतो. 1936 मध्ये फ्रेंच डॉक्टर आंद्रे लेमिएर यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात अशा 20 पेशंटबद्दल लिहिलं, त्यातले 18 दगावले होते. आधी घसा दुखतो, मग काही दिवसांनी हुडहुडी भरून ताप, मानेची एक बाजू सुजते, तिथल्या मोठ्या शिरेत गुठळी होते आणि तिचे जंतूंनी भरलेले तुकडे फुफ्फुसात जाऊन अडकतात. जंतू बहुतेकदा फ्युजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम. घशासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अझिथ्रोमायसिनचा त्याच्यावर भरवसा नाही. छातीच्या सीटीत दोन्हीकडे गोल डाग, काही आतून पोकळ, असं दिसलं की मानेची सोनोग्राफी करायला हवी, पण छातीच्या पेशंटची मान बघायचं सुचणं हेच अवघड.

आता दुर्बिणीने फुफ्फुस धुऊन काढलेल्या पाण्यातला सगळा डीएनए वाचायची टेस्ट आली आहे, तिला जंतू मेलेले चालतात. पार्विमोनास मायक्रासारखी, एरवी हिरड्यांत राहणारी मंडळी त्यात सापडतात. पण टेस्ट महाग, आणि दुर्बीण तोंडातून किंवा नाकातून घशामार्गेच आत जाते, त्यामुळे तिथला डीएनएही येतो, म्हणून रिपोर्टमधलं नाव सीटीशी आणि पेशंटच्या दातांशी जुळवून बघावंच लागतं.