स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट (पुणे)

यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांनी खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकासाठी उपकरण आखायचे, बनवायचे आणि त्याच्या हाती द्यायचे, या प्रथेचे पुण्यातले चालू नाव. गिऱ्हाईक कोणीही असू शकते: भोसरीतला छोटा कारखानदार, पुनर्वसन केंद्र, मावळातला भातशेतकरी, किंवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन पायऱ्याही चढू न शकणारी एखादी आजी. चौघांचा गट, एक गाइड, सातव्या सत्रात पहिला टप्पा, आठव्यात दुसरा, आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तोंडी, असा त्याचा सर्वसाधारण साचा.

कॉलेजच्या आवारात हा शब्द दोन अर्थांनी चालतो. कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचे पत्र मिळाले की प्रोजेक्ट कागदोपत्री स्पॉन्सर्ड होतो, मग ते पत्र मामाच्या ओळखीने आलेले का असेना. दुसरा अर्थ असा की ज्याला अडचण आहे तो समोर बसलेला आहे आणि वस्तू चालली नाही तर नाक मुरडणार आहे. ही नोंद दुसऱ्या अर्थाची आहे. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर तोंडी परीक्षेनंतर वस्तू कुठे जाते ते पाहावे. पहिल्या प्रकारातली वर्कशॉपमागच्या शेडमध्ये जाते आणि पुढच्या वर्षी तिचेच अँगल कापून दुसऱ्या गटाची फ्रेम उभी राहते.

पुण्यातल्या अभियांत्रिकी शिक्षणाला गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून होते. १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघाले तेच मुळी सरकारी इमारती, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या कामांवर हाताखालची जाणती माणसे हवी होती म्हणून. पुढे त्याचे संगमाजवळचे इंजिनिअरिंग कॉलेज झाले. पुणेकर त्याला सीओईपी म्हणतात आणि २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. गावाभोवती कारखाने आले ते मात्र बरेच नंतर. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (१९४६), मुंढव्यात भारत फोर्ज (१९६१), साठच्या दशकात पिंपरी-आकुर्डी पट्ट्यात टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बजाज. राज्याची एमआयडीसी १९६२ची, वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय १९६६ची. मोठ्या कंपन्यांच्या मागोमाग त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे गाळे भोसरी, चिंचवड, तळवडे भागांत उभे राहिले. मग १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि एमआयटी, व्हीआयटी, भारती विद्यापीठ यांसारखी कॉलेजे निघाली. १९९१ साली कर्वे संस्थेचे मुलींसाठीचे कमिन्स कॉलेज आले. लेथचा आवाज आणि वर्गातला फळा एकाच पीएमपीएमएल बसच्या टप्प्यात आले, आणि हीच या प्रथेची खरी भांडवली ठेव.

अमेरिकेत हार्वी मड कॉलेजाने १९६३ पासून ‘क्लिनिक’ या नावाने कंपन्यांची कामे विद्यार्थ्यांकडून करून घ्यायला सुरुवात केली, आणि तिथे हा अभ्यासक्रमाचाच कणा मानला जातो. अभियांत्रिकीच्या पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ साली पूर्ण सभासद झाल्यावर आपल्याकडच्या मानांकनाच्या फॉर्मांतही प्रत्यक्ष प्रश्नांवरच्या प्रकल्पांना रकाने आले. रकाने भरले जातात. काम मात्र गाइड किती वेळा गटाबरोबर शॉपफ्लोअरवर जातो यावर ठरते.

मागणी आणि अडचण

गिऱ्हाईक यंत्र मागते, अडचण सांगत नाही. नेहमीचे उदाहरण घ्यावे. एका गाळ्यात बिडाच्या ब्रॅकेटला चार भोके पाडायची आहेत आणि मालक म्हणतो, “ऑटोमॅटिक ड्रिलिंग मशीन बनवून द्या.” मुले खूश होतात, कारण त्यात मोटर आहे, सेन्सर आहे, पोस्टरवर लावायला चांगला फोटो आहे. स्टॉपवॉच घेऊन ऑपरेटरशेजारी अर्धा दिवस उभे राहिले की वेगळेच दिसते. ड्रिल धातूत असते तो वेळ थोडा. बाकीचा वेळ मार्किंग करण्यात, पंच मारण्यात, जॉब (म्हणजे ज्यावर काम करायचे तो भाग) व्हाइसमध्ये सरळ बसवण्यात आणि भुकटी झाडण्यात जातो. म्हणजे हवे आहे ते ड्रिल जिग. जॉब नुसता पकडून ठेवते ते फिक्स्चर. जिग ड्रिललाही वाट दाखवते, कडक केलेल्या पोलादाच्या बुशमधून, म्हणजे छोट्या नळीतून.

जॉब पक्का बसवायला सहा टेकू लागतात: खाली तीन, बाजूला दोन, टोकाला एक. कारण मोकळी वस्तू तीन दिशांना सरकू शकते आणि तीन अक्षांभोवती फिरू शकते. खाली चार टेकू देण्याचा मोह नवख्याला हमखास होतो, पण कास्टिंगचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि चार पायांचे स्टूल डुलते, तिपाई डुलत नाही. इथपर्यंत पुस्तकात असते. बिडाची काळी भुकटी टेकूवर साचते आणि दुसरा जॉब तिच्यावर तिरका बसतो, हे पुस्तकात ठसत नाही. म्हणून टेकू अरुंद आणि उंच ठेवायचे, म्हणजे हवेचा एक फवारा पुरतो. ऑपरेटरचा उजवा हात ड्रिलच्या हँडलवर असतो, म्हणून जॉब दाबून धरणारा टॉगल क्लॅम्प डावीकडे हवा. संगणकावरच्या मॉडेलमध्ये तो उजवीकडे असला तरी देखणाच दिसतो, आणि मॉडेलला हात नसल्याने चूक कळत नाही. ब्रॅकेट उलटा बसूच नये म्हणून एका कोपऱ्यात एक साधी पिन ठोकायची. चूक होऊच न देणाऱ्या अशा युक्तीला कारखान्यात पोका-योके म्हणतात आणि ऑडिटच्या दिवशी पाहुण्यांना तीच पिन आधी दाखवतात.

अशा जिगला वीज लागत नाही, म्हणून परीक्षक कधीकधी विचारतो, “यात इंजिनिअरिंग काय आहे?” गटाला त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

चाकाचा हिशेब

सगळी गिऱ्हाइके कारखानदार नसतात. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या (स्थापना २००८) सभासद ढकलगाडी घेऊन दारोदार फिरतात. ढकलगाडी हा प्रोजेक्टचा आवडता विषय आणि बहुतेक वेळा त्यात बॅटरी बसवण्याची घाई होते. आधी चाक पाहावे. दीडशे किलोची भरलेली गाडी सपाट डांबरी रस्त्यावर ढकलायला साधारण साडेचार किलोचा जोर पुरतो. वीसास एक असा चढ आला की तो बारा किलोच्या आसपास जातो. पण गल्लीतल्या उंचवट्याशी गाडी अडते तेव्हा हे आकडे बाजूला पडतात. चार सेंटिमीटरची पायरी ओलांडायला २० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या १.३३ पट आडवा जोर लागतो. चाक ४० सेंटिमीटरचे केले की तेच काम ०.७५ पटीत होते. हे अकरावीच्या भौतिकशास्त्रातले बलाघूर्ण आहे, अधिक काही नाही.

चाक मोठे केले की गाडीचा तळ उंच होतो, आणि ज्या बाईला दिवसभर बादल्या उचलून आत रिकाम्या करायच्या तिच्या खांद्यावर तो फरक येतो. म्हणून तळ दोन चाकांच्या मध्ये खाली उतरवायचा, किंवा पुढची फळी खाली पडणारी करायची. हे ठरवताना कचरावेचक ताईंची कोपराची उंची मोजावी लागते. मुले गाडीची लांबी-रुंदी मोजून येतात आणि माणूस मोजायला विसरतात.

अपंगांसाठीच्या उपकरणांत ही चूक महागात पडते. पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे आणि खडकीत जखमी सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, त्यामुळे व्हीलचेअर, कुबड्या, बिछान्यातून उचलण्याची साधने हे विषय इथे मुलांच्या नजरेसमोर असतात. व्हीलचेअरच्या उताराचे प्रमाण बारास एक. पंधरा सेंटिमीटरच्या उंबऱ्याला १ मीटर ८० सेंटिमीटरचा रॅम्प हवा, आणि पेठेतल्या वाड्याच्या दिंडीदरवाजाबाहेर तेवढ्यात रस्ता सुरू होतो. मग घडीचा रॅम्प, सरकता रॅम्प, छोटी लिफ्ट अशी शोधाशोध होते. इथे नग एकच बनवायचा असतो, त्यामुळे कारखान्यातली ‘खर्च प्रती नग’ ही भाषा लागू पडत नाही. रुग्णालयातल्या उपकरणांची वाट आणखी लांब: डॉक्टर, नैतिक समितीची परवानगी, निर्जंतुकीकरण. वैद्यकीय उपकरणे घडवणाऱ्या आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’ केंद्राचे काम सीओईपीतही चालते ते याच वाटेवर हात धरायला.

यंत्र नको असणारे गिऱ्हाईकही भेटते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीने मठार करतात. ते ठोके हीच त्या मालाची किंमत. ‘मठारायचे मशीन’ घेऊन येणाऱ्या गटाला तिथे चहा मिळतो, काम मिळत नाही. ठोक्याचा आवाज आणि बसून बसून धरलेली पाठ यांचे काही करता येते का, हा प्रश्न मात्र उघडा आहे आणि त्याला हात घालणारे थोडे.

गावाकडच्या गिऱ्हाइकासाठी पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम हे जुने ठिकाण. डॉ. श्री. शं. कलबाग यांनी तो १९८३ साली सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर काढलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा) एक २००२ साली इथे आली. शेतातली अडचण, तिथेच वेल्डिंग, तिथेच चाचणी, असा तिथला रिवाज आहे.

बनवणे

सुटे सामान रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, मोटरी आणि सर्किटे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, आणि ज्याचे नावही धड माहीत नाही ते बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात. पत्र्याची लेझर कटिंग चिंचवड-भोसरीला. तिथे ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल पाठवून भागते. लेथ आणि मिलिंगला मात्र ड्रॉइंग घेऊन माणसासमोर उभे राहावे लागते, आणि तिथे पहिली शाळा होते. ड्रॉइंगवर सगळीकडे एक शतांश मिलिमीटरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) पाहून टर्नरकाका विचारतात, “विमान बनवताय का?” खरे तर घट्ट माप एखाद्याच जागी लागते. २० मिलिमीटरची सरकती दांडी बुशमध्ये हवी असेल तर एच७/जी६ फिट द्यायचा (भोक आणि दांडीच्या मापांची ठरलेली जोडी). मग दोघांत ७ ते ४१ मायक्रॉनची फट राहते, केसाच्या जाडीहून कमी. बाकी प्लेटच्या कडा अर्ध्या मिलिमीटरने इकडेतिकडे झाल्या तर कोणाचे काही अडत नाही, आणि बिल निम्म्यावर येते.

वेळापत्रकाची गंमत वेगळीच. पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, कॉलेजची रविवारी. त्यामुळे मन असलेल्या गटाला रविवार हा शॉपफ्लोअरचा हक्काचा दिवस मिळतो. सत्र सुरू होते तोच गणपती येतात, गटातले दोघे ढोल-ताशा पथकात असतात, मग दिवाळी, मग सत्रपरीक्षा. जानेवारीत जाग येते आणि मार्चमध्ये कारखानदाराला मार्च एंडपुढे कोणाचा फोन घ्यायला सवड नसते. हे सगळे जमेस धरून जो गट ऑगस्टमध्येच पुठ्ठ्याचा नाहीतर प्लायवूडचा नमुना करून ऑपरेटरच्या हातात देतो, त्याचे गाडे पुढे सरकते. पुठ्ठ्याच्या नमुन्यावर माणसे मोकळेपणाने बोलतात. रंग मारलेल्या पक्क्या वस्तूला नावे ठेवायला संकोचतात.

घाईत सापडलेल्यांसाठी तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानेही आहेत. मॉडेल, पीपीटी आणि ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधीव अहवाल), तिन्ही एका पॅकेजात. त्यावर इथे अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

हस्तांतर

सगळ्यात कच्चा दुवा हाच. गुण ब्लॅक बुकला मिळतात, म्हणून एप्रिल बांधणी आणि सोनेरी अक्षरांत जातो. गिऱ्हाइकाला त्या पुस्तकाचा उपयोग नाही. त्याला हवी असतात खऱ्या मापांची ड्रॉइंग, सामानाची यादी आणि कोणता भाग आधी झिजेल त्याची चिठ्ठी. ६२०४ नंबरचे बेअरिंग (आतून २०, बाहेरून ४७, जाडी १४ मिलिमीटर) कोणत्याही दुकानात मिळते. गटाने थ्रीडी प्रिंटरवर काढलेला गिअर कुठेच मिळत नाही, आणि त्याची फाइल ज्याच्या लॅपटॉपमध्ये होती त्याने तो लॅपटॉप विकलेला असतो. गार्ड, इमर्जन्सी स्टॉप, अर्थिंग यांवरही परीक्षेत प्रश्न क्वचित येतो. गाळ्यात मात्र पहिल्याच आठवड्यात कोणाची तरी बाही पट्ट्याजवळ जाते.

कल्पना कोणाची, हेही बहुधा तोंडीच ठरते. पेटंट घ्यायचे असेल तर प्रकल्प-स्पर्धेत मांडण्याआधी किंवा शोधनिबंध छापण्याआधी अर्ज करावा लागतो, नाहीतर नावीन्याचा दावा अडचणीत येतो. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे अर्ज कॉलेजच्या नावे करण्याकडे कल वाढला आहे. कारखानदाराने साहित्याचे पैसे दिलेले असतात आणि त्याला वाटते वस्तूबरोबर कल्पनाही आपली. पहिल्याच भेटीत अर्ध्या पानाचा करार केला तर हा वाद उद्भवत नाही.

दुरुस्तीसाठी उपकरणाच्या फ्रेमवर गटप्रमुखाचा मोबाइल नंबर चिकटवलेला असतो. जूननंतर तो नोकरीसाठी बंगळुरूला किंवा चाकणला गेलेला असतो, आणि फोन उचललाच तर म्हणतो, “काका, ज्युनिअरचा नंबर देतो.” काही विभागांनी त्यामुळे तोच गिऱ्हाईक पुढच्या बॅचकडे सोपवायला सुरुवात केली आहे: पहिला गट बनवतो, दुसरा ते वापरात कुठे मोडले ते पाहून सुधारतो. दुसऱ्या गटाला ‘नवीन विषय’ नसल्याने सिनॉप्सिस (विषयाचा सुरुवातीचा आराखडा) मंजूर करून घ्यायला अधिक खटपट करावी लागते.