पिवळ्या झेंड्याखालच्या पाच फेऱ्या: ताकुमा सातोच्या विजयांची पार्श्वभूमी

जपानी चालक ताकुमा सातोने इंडियानापोलिस 500 (थोडक्यात इंडी 500) ही अमेरिकेतली 500 मैलांची मोटार शर्यत दोनदा जिंकली, 28 मे 2017 रोजी आणि 23 ऑगस्ट 2020 रोजी. पहिल्या विजयावर कुणी बोट ठेवत नाही. दुसऱ्याचा विषय निघाला की मात्र "पण ती शर्यत पिवळ्या झेंड्याखाली संपली ना?" हे ठरलेलं वाक्य येतंच. म्हणजे अपघातामुळे शेवटच्या फेऱ्यांत ओव्हरटेक बंद होतं, खरी चुरस झालीच नाही, असा रोख. त्या वाक्यामागे बराच इतिहास आहे आणि तो नीट मांडला जात नाही.

सातोचा जन्म 1977 चा, टोकियोतला. दहाव्या वर्षी सुझुकाला फॉर्म्युला वनची शर्यत पाहिली आणि वेड लागलं. तरी विशीपर्यंत तो धावत होता तो सायकलवर. इतर मुलं आठ-नऊ वर्षांची असताना कार्टमध्ये, म्हणजे शिकाऊंच्या छोट्या रेसिंग गाडीत, बसतात, तिथे हा जवळजवळ दशकभर उशिरा सुझुकाच्या रेसिंग शाळेत दाखल झाला. 2001 मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचं विजेतेपद आणि त्याच वर्षी मकाऊची शर्यत त्याने जिंकली. 2002 मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये होता.

तिथली वर्षं थोडक्यात सांगता येतील. 2004 हे त्यातलं सर्वांत चांगलं. त्या मोसमात त्याचा एकमेव पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतलं स्थान, आला, तिसरा क्रमांक, आणि तो आला इंडियानापोलिसमध्येच. तेव्हा ओव्हलचा, म्हणजे लंबगोल ट्रॅकचा, एक भाग आणि आतला वळणावळणाचा रस्ता जोडून फॉर्म्युला वन चालायची. पुढच्याच वर्षी, 2005 मध्ये, टायरच्या वादामुळे याच ठिकाणी फक्त सहा गाड्या धावल्या. आपल्याकडच्या वाचकांना तो दिवस आठवत असेल, कारण त्या सहांमध्ये एक भारतीय चालक होता आणि तो चौथा आला. सातो मात्र शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीनंतर पिटमध्ये (गाड्यांच्या दुरुस्ती-इंधनाच्या जागेत) परतलेल्या चौदा गाड्यांपैकी एकीत होता. 2008 च्या मे महिन्यात त्याचा छोटा जपानी संघ पैशाअभावी बंद पडला आणि 2009 चं वर्ष शर्यतीविना गेलं.

2010 मध्ये तो अमेरिकेला, इंडी 500 ज्या इंडीकार मालिकेत येते तिथे, गेला. जपानी चालकांना ओव्हल नवे नव्हते. इंडियानापोलिसला जपानी चालक 1991 पासून येत होते, 2003 मध्ये एक जण पाचवा आला होता आणि मोतेगीला जपानचा स्वतःचा ओव्हल होता. मात्र 2011 च्या भूकंपाने तो खराब झाला आणि त्या वर्षीची शर्यत आतल्या रस्त्यावर घ्यावी लागली. त्याच 2011 मध्ये आयोवाच्या छोट्या ओव्हलवर सातोने पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करण्याची जागा, मिळवली. या मालिकेत जपानी चालकाची ती पहिली पोल.

2012 ची इंडी 500 मात्र त्याला वर्षानुवर्षे चिकटून राहिली. शेवटची फेरी, पहिलं वळण, पुढे स्कॉटलंडचा दोन वेळचा विजेता. सातो आतून घुसला, चाक पांढऱ्या रेषेला लागलं, गाडी फिरली आणि भिंतीवर आदळली. दुसरा क्रमांक हातात असताना त्याने तो सोडून दिला, असं पुष्कळांनी लिहिलं. मला ती टीका कधीच पटली नाही. 'नो अटॅक, नो चान्स' हे त्याचं ब्रीद. शेवटच्या फेरीत दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानणारा माणूस पाच वर्षांनी ही शर्यत जिंकला असता का? मधल्या काळात, 2013 मध्ये, लाँग बीचला तो जिंकला. मालिकेत जपानी चालकाचा तो पहिला विजय.

2017 मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. समोर तीन वेळचा ब्राझिलियन विजेता, फेऱ्या उरलेल्या पाच. या वेळी सातो त्याला मागे टाकून पुढेच राहिला आणि सुमारे 0.2 सेकंदांनी जिंकला. ही शर्यत जिंकणारा आशियातला पहिला चालक. ती शर्यत अमेरिकेच्या हुतात्मा सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या सप्ताहान्ताला होते. त्या दिवशी जपानी माणूस जिंकला हे आपल्याला खुपलं, असं एका अमेरिकन क्रीडा पत्रकाराने समाजमाध्यमावर लिहिलं आणि त्याची नोकरी गेली.

आता 2020. महासाथीमुळे शर्यत ऑगस्टमध्ये ढकललेली, प्रेक्षागार रिकामं. न्यूझीलंडच्या चालकाने 200 पैकी 111 फेऱ्या आघाडी राखली होती. शेवटच्या टप्प्यात सातो त्याच्या पुढे गेला आणि मागे हटला नाही. मग सुमारे पाच फेऱ्या उरल्या असताना तिसऱ्याच एका गाडीने पिटच्या तोंडाशी असलेल्या अडथळ्याला जबर धडक दिली. ती गाडी सातोच्याच गोटातली होती.

इथे दोन झेंड्यांची गल्लत होते. पिवळा म्हणजे सावधगिरी: गाड्या वेग आवरणाऱ्या अधिकृत पेस कारमागे हळू चालतात, ओव्हरटेक बंद, पण फेऱ्या मोजल्या जातात. लाल म्हणजे शर्यतच थांबली, गाड्या पिट लेनमध्ये उभ्या आणि फेऱ्याही थांबलेल्या. त्या दिवशी अधिकाऱ्यांनी पिवळाच ठेवला. गाड्या गोळा करून, थांबवून, पुन्हा सुरुवात करायला फेऱ्या पुरणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींमध्ये अशा वेळी जादा फेऱ्या घेतात. इंडीत ती सोय नाही, 200 म्हणजे 200.

आक्षेप घेणारे 2014 कडे बोट दाखवतात. त्या वर्षी लाल झेंडा दाखवून शेवटच्या सहा फेऱ्या मोकळ्या करून दिल्या होत्या. मुद्दा खोटा नाही. पण 2014 चा अपघात झाला तेव्हा जवळजवळ दहा फेऱ्या शिल्लक होत्या, हे सहसा कुणी सांगत नाही. दुसरा वाद इंधनाचा. शेवटच्या पिटसाठी सातो एक फेरी आधी थांबला, म्हणून त्याची टाकी पुरणार नाही, असा प्रतिस्पर्ध्याच्या गोटाचा हिशोब होता. सातोच्या बाजूचं म्हणणं असं की तो इंजिनात जाणारं इंधन-हवेचं मिश्रण पातळ ठेवून इंधन वाचवत होता आणि मागची गाडी जवळ आली की जोर वाढवत होता. पिवळा झेंडा निघाला तेव्हा पुढे तोच होता आणि ती आघाडी त्याने हिरव्या झेंड्याखाली, स्पर्धा चालू असताना, मिळवली होती. माझ्या लेखी वाद तिथेच संपतो.

अधिकाऱ्यांनी मात्र नंतर पवित्रा बदलला. 2022 मध्ये सहा-एक फेऱ्या उरल्या असताना अपघात झाला, लाल झेंडा निघाला आणि शेवटच्या दोन फेऱ्या खुल्या ठेवल्या. 2023 मध्ये तर एकाच फेरीसाठी शर्यत पुन्हा सुरू केली. तेव्हा दुसरा आलेला चालक ते अन्याय्य असल्याचं उघड म्हणाला. म्हणजे लाल झेंड्यानेही सगळ्यांचं समाधान झालं नाहीच.

सातो दर मे महिन्यात परतत राहिला. 2025 मध्ये, वयाच्या 48 व्या वर्षी, तो पहिल्या रांगेत दुसऱ्या जागेवरून निघाला आणि त्या दिवशी सर्वाधिक, 51 फेऱ्या, आघाडीवर राहिला. मग एका पिटमध्ये गाडी ठरलेल्या जागेच्या पुढे गेली आणि आघाडी हातची गेली.