इंजिन खोलण्याची पूर्वतयारी

झिजलेले इंजिन पूर्ण सुटे करून, भाग मोजून, खराब भाग बदलून ते पुन्हा जोडण्याला ओव्हरहॉल म्हणतात. गॅरेजच्या बोलीत ‘इंजिन खोलणे’. पाना लावण्याआधीच्या तपासण्या, नोंदी आणि मांडामांड म्हणजे त्याची पूर्वतयारी. जोडलेले, चालते इंजिन आपल्या दुखण्याबद्दल जे सांगते, ते सुटे झाल्यावर सांगत नाही. म्हणून ही तयारी म्हणजे कामाचा अर्धा भागच समजावा.

इंजिन खोलायची खरेच गरज आहे का, हे आधी ठरवावे लागते. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे; पण दोष कधी पिस्टनभोवतीच्या रिंगांचा असतो, तर कधी फक्त व्हॉल्व्हपाशी तेल अडवणाऱ्या सीलचा, आणि सील बदलायला पिस्टन काढावे लागत नाहीत. फरक कळतो तो कॉम्प्रेशन तपासणीत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो ते गेजने मोजण्यात. इंजिन गरम करून सगळे स्पार्क प्लग काढतात, इंधन व इग्निशन बंद ठेवतात आणि थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टरने इंजिन फिरवतात. पेट्रोल इंजिनात साधारण १२० ते २०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब मिळतो. मात्र आकड्यापेक्षा सिलिंडरांमधली तफावत जास्त बोलकी असते: सर्वांत कमी दाब सर्वांत जास्त दाबाच्या ७५ टक्क्यांखाली गेला, तर दोष धरतात. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचे हेड यांच्या सांध्यातली पट्टी) संशयित. शेजारच्या दोन सिलिंडरांत एकदमच दाब कमी असेल, तर बहुधा त्यांच्यामधले गॅस्केट फुटलेले असते. तेलाचा दाबही वेगळा गेज लावून याच वेळी मोजावा.

त्यानंतर त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल हाताशी हवी. बोल्टांचा टॉर्क (कसण्याचा जोर), कसण्याचा क्रम, झिजेच्या मर्यादा हे अंदाजाने करण्याचे काम नाही.

इंजिन उतरवताना बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडतात, इंधनाच्या लाइनमधला दाब काढून टाकतात आणि इंजिन थंड झाल्यावरच कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) व तेल काढतात. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. ते उघड्या भांड्यात राहिले तर जनावरे पितात, म्हणून लगेच झाकावे. एसीचा कॉम्प्रेसर शक्यतो पाइपांसकट बाजूला बांधून ठेवावा, म्हणजे वायू सोडावा लागत नाही. इंजिनाचे वजन पेलेल अशी चेन कप्पी किंवा हॉइस्ट आणि भक्कम स्टँड आधीच आणून ठेवलेले बरे. उचललेल्या इंजिनाखाली हात घालू नये.

बाहेरची घाण खोलण्याआधीच धुवावी, नाहीतर वाळूचा कण बेअरिंगपर्यंत पोहोचतो. पण धुण्याआधी गळती कुठून आहे ते पाहून फोटो काढावा, कारण तेलाचा ओघळ हा पुरावा असतो. प्रत्येक वायर व होजला चिठ्ठी, प्रत्येक जागच्या बोल्टांची वेगळी पिशवी. सगळे बोल्ट एका डब्यात टाकणारा माणूस जोडणीच्या दिवशी तासन्‌तास हरवतो.

सर्वांत महत्त्वाच्या खुणा जोडीच्या भागांवर करायच्या. क्रँक म्हणजे पिस्टनांच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा; त्याच्या मेन बेअरिंगच्या कॅप (बेअरिंग धरून ठेवणारी झाकणे) ब्लॉकला बसवूनच त्यांचे भोक कोरलेले असते. त्यांची अदलाबदल झाली किंवा त्या उलट्या बसल्या, तर क्रँक अडकतो. पिस्टन क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप यांचेही तसेच. व्हॉल्व्ह उघडायला मदत करणारे टॅपेट कॅमच्या आपापल्या लोबशी (उंचवट्याशी) झिजून जुळलेले असतात, म्हणून पुठ्ठ्याला भोके पाडून ते क्रमाने ठेवावेत. टायमिंगचा पट्टा किंवा चेन काढण्यापूर्वी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून खुणा जुळवतात. क्रँकची लांबीच्या दिशेची ढिलाईही कॅप सोडण्याआधी मोजतात.

हेडचे बोल्ट थंड इंजिनावर, कसण्याच्या उलट क्रमाने, म्हणजे सहसा कडेकडून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने ढिले करतात. तसे न केल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकू शकते. ताणून बसणारे (कसताना कायमचे लांबणारे) बोल्ट पुन्हा वापरत नाहीत, त्यांचा नवा संच गॅस्केटबरोबरच मागवता येतो. पिस्टन आणि बेअरिंग मात्र आधी घेऊन ठेवू नयेत. पिस्टन ०.२५ की ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) लागतील आणि बेअरिंग कोणत्या मापाचे लागेल, हे बोअर आणि क्रँक मायक्रोमीटरने मोजल्यावरच ठरते.