विमान खाली गेलं, प्रवासी छताला

विमान हवेत हादरलं की मथळा ठरलेला: ‘विमान हजारो फूट कोसळलं!’ 20 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेल्या ‘एसक्यू 321’ या विमानाबद्दलही ‘सहा हजार फूट’ छापून आलं. 21 मे रोजी हे बोइंग 777 म्यानमारवर, सुमारे 37 हजार फुटांवर हादरलं. एक प्रवासी दगावला, कित्येक जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवावं लागलं. पण ते सहा हजार फूट वैमानिकांनी नंतर व्यवस्थित उतरवले होते. खऱ्या झटक्यात विमान खाली आलं जेमतेम 178 फूट, 4.6 सेकंदांत.

मग माणसं छतावर कशी आदळली? ‘एअर पॉकेट’मध्ये हवाच नसते, हा समज आधी सोडून द्या. तिथे हवा भरपूर असते. फक्त ती जोरात वर-खाली धावत असते. ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला जोर: जमिनीवर उभं असताना जाणवतो तो एक जी, उणे म्हणजे उलटा, छताकडचा. प्राथमिक तपासानुसार 0.6 सेकंदात विमान अधिक 1.35 जीवरून उणे 1.5 जीवर गेलं. शून्य जी असतं तेव्हा विमान आणि प्रवासी सारख्याच त्वरणाने पडतात, म्हणून प्रवासी तरंगतो. उणे 1.5 जीला विमान अडीच जीने (गुरुत्वाकर्षणाचा एक अधिक हा दीड) खाली खेचलं जातं, तर बेल्ट नसलेला प्रवासी आपल्या एक जीनेच पडत राहतो. फरक दीड जीचा. थोडक्यात, माणूस वर उडत नाही, छतच त्याच्यावर येतं. डोक्यावर एक मीटर मोकळी जागा धरली आणि झटका तेवढा टिकला, तर 0.37 सेकंदात टक्कर, वेग सेकंदाला 5.4 मीटर. दीड मीटर उंचीवरून डोक्यावर पडण्याइतकाच हा मार. पुढच्या चार सेकंदांत जी पुन्हा अधिक दीडवर, म्हणजे तोच माणूस परत खाली, खुर्चीच्या हातावर नाहीतर जमिनीवर.

याची भरपाई कोण देणार? ‘निसर्गापुढे कोणाचं काय चालतं’ असं म्हणून विमान कंपनीला सहज हात झटकता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999चा माँट्रियल करार लागू असेल, तर विमानातल्या ‘अपघाता’ने झालेल्या शारीरिक इजेला कंपनी जबाबदार असते, तिची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात म्हणजे प्रवाशाच्या शरीराबाहेरची अनपेक्षित किंवा असाधारण घटना, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली म्हटलं. त्यामुळे नेहमीच्या किरकोळ हादऱ्यांवर वाद होतो, उणे दीड जीवर होणं कठीण. नुसत्या भीतीची भरपाई मात्र सहसा मिळत नाही.

28 डिसेंबर 2024 पासून चूक सिद्ध न करता मिळणाऱ्या या भरपाईची मर्यादा 1,51,880 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण दोन लाख डॉलर. त्यावरच्या दाव्यात कंपनी आपला हलगर्जीपणा नव्हता हे सिद्ध करून सुटू शकते. इथे रडारचा मुद्दा येतो. ते पाण्याचे थेंब पकडतं. निरभ्र आकाशातली खळबळ त्याला दिसतच नाही. वादळी ढग मात्र दिसतात, म्हणून ते का टाळले नाहीत, हे कंपनीला विचारता येतं.

प्रवाशाचा निष्काळजीपणा दाखवता आला तर त्या मर्यादेच्या आतली रक्कमही कापली जाते. बेल्टचा दिवा लागूनही बेल्ट बांधला नाही, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. एसक्यू 321मध्ये हा दिवा त्या मोठ्या झटक्याच्या अवघे आठ सेकंद आधी लागला होता. स्वच्छतागृहातून परतणाऱ्याने आठ सेकंदांत खुर्ची गाठून बेल्ट लावायला हवा होता, असं म्हणणारा वकील मला तरी पटणार नाही. बेल्ट सोडून निवांत बसलेल्याचं प्रकरण वेगळं. दावा कोणाचाही असो, तो दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो.