मुंबई–लंडन विमान: तिकिटावरच्या वेळा आणि प्रवासाचे खरे तास

लेक लंडनला शिकायला गेली की मागोमाग आई-वडीलही कोल्हापुरातून पहिल्यांदाच एवढ्या लांब निघतात. तिकीट हातात आलं की घरात हिशेब मांडला जातो: मुंबईहून रात्री २.०० ला सुटणार, लंडनला सकाळी ६.३० ला पोहोचणार, म्हणजे साडेचार तास. बीपीच्या गोळ्या, जेवण, सगळं त्यावरच बेतलं जातं. प्रत्यक्षात ते दहा तास विमानात बसलेले असतात.

सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते, पोहोचण्याची लंडनच्या. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं. म्हणून जाताना वजाबाकीत हे साडेपाच तास मिळवायचे. परतीला उलट. लंडनहून सकाळी १०.०० ला निघून मुंबईत रात्री १२.१५ ला उतरायचं असेल, तर कागदावर सव्वाचौदा तास दिसतात. साडेपाच वजा केले की पावणेनऊ उरतात. शिवाय तिथं मुंबईची तारीख पुढच्या दिवसाची असते. न्यायला येणारी गाडी कोल्हापुरातून, तावडे हॉटेलच्या चौकातून, एक दिवस आधीच निघून गेली, असं होऊ देऊ नका. मार्चचा शेवटचा रविवार ते ऑक्टोबरचा शेवटचा रविवार लंडनची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा धरायचा.

आता अंतर. आकाशमार्गे मुंबई–लंडन साधारण ७,२०० किलोमीटर. जाताना-येताना तेवढंच, तरी वेळात तासाभराचा फरक पडतो. विमानं ज्या उंचीवर, म्हणजे ९ ते १२ किलोमीटरवर उडतात, तिथं पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. परतताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर येतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. वाटही कायम तीच राहत नाही: एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना लांबचा वळसा घ्यावा लागला. शिवाय विमान कंपनी जे तास सांगते, त्यात धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर गेटला लागण्याचा वेळही धरलेला असतो. त्यामुळे किलोमीटरला वेगानं भागून आलेलं उत्तर नेहमी कमीच भरतं.

अंतरही वाटेप्रमाणे बदलतं. आपल्या कोल्हापूर–मुंबईचंच बघा ना. सरळ रेषेत जेमतेम ३०० किलोमीटर, हायवेनं पावणेचारशेच्या आसपास, आणि महालक्ष्मी एक्सप्रेस आधी पूर्वेला मिरजेकडे जाते, म्हणून रेल्वेनं ५०० च्या वर.

ई-तिकिटावर बहुतेक वेळा प्रवासाचा कालावधी वेगळा छापलेला असतो. तो आकडा आधी शोधा. इन्सुलिन किंवा ठरावीक तासांनी घ्यायच्या गोळ्या असतील, तर डॉक्टरांना सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा सांगून भागत नाही. कोल्हापुरातलं घर सोडल्यापासून लेकीच्या दारात पोहोचेपर्यंतचे सगळे तास सांगा, आणि लंडनच्या घड्याळाप्रमाणे पहिला डोस कधी घ्यायचा हे लिहून घ्या.