नळ टपकतोय? आणखी पिळू नका

‘नळ टपकत असेल तर जोर लावून पिळा, थांबतो.’ घरोघरी चालत आलेला हा सल्ला. पिळल्यावर थेंब काही दिवस खरंच थांबतो, त्यामुळे तो पटतोही.

आत काय होतं ते पाहू. जुन्या, चारपाच वेळा फिरवायच्या नळात स्पिंडलच्या, म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला रबरी वॉशर (चकती) असतो. तो पितळी कडेवर दाबला गेला की पाणी अडतं. रबर झिजलं, कडक झालं की फट राहते. जोर लावला की तेच रबर आणखी चेपतं, त्यावर कडेचा गोल चर पडतो. पुढच्या वेळी जास्त जोर. शेवटी पितळी कडच खराब होते, मग नवा वॉशरही टिकत नाही.

खात्री करायची तर नळाकडे येणारं पाणी अडवणारा कॉक बंद करा (जुन्या इमारतीत तो फिरत नसेल, तर गच्चीवरच्या टाकीचा), नळ उघडून साचलेलं पाणी जाऊ द्या, पान्याने वरचा भाग सोडवा. वॉशर उलटून बघा: चर बोटाला लागतो. तोच नमुना हार्डवेअरच्या दुकानात न्या, काही रुपयांत मिळतो.

पाणी तोटीतून न येता मुठीखालून झिरपत असेल, तर दोष वॉशरचा नाही, तिथल्या पॅकिंगचा, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या भरणीचा. आणि पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात बहुधा सिरॅमिकच्या चकत्या असतात. त्याला पिळून काहीच साधत नाही, आतला कार्ट्रिज, म्हणजे या चकत्या असलेला अख्खा भाग, बदलावा लागतो.

तोवर खाली पेला ठेवा. तासाला 200 मिली भरला, तर दिवसाचे 4.8 लिटर झाले.