रीकोर

रीकोर : यंत्रमानवांच्या जगात घडणारा, मारधाड व साहस यांची सांगड घातलेला व्हिडिओ गेम. ऑस्टिन (टेक्सास) येथील आर्मेचर स्टुडिओ आणि जपानमधील कॉम्सेप्ट यांची ही संयुक्त निर्मिती असून प्रकाशक मायक्रोसॉफ्ट स्टुडिओज हे होत. जून २०१५ मध्ये ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या व्यापारी प्रदर्शनात त्याची घोषणा झाली. १३ सप्टेंबर २०१६ रोजी उत्तर अमेरिकेत आणि त्याच आठवड्यात इतरत्र तो एक्सबॉक्स वन (मायक्रोसॉफ्टचे खेळयंत्र) व विंडोज १० यांसाठी विक्रीस आला. एकदा विकत घेतलेली डिजिटल प्रत दोन्हीकडे चालावी अशी ‘एक्सबॉक्स प्ले एनीव्हेअर’ योजना याच खेळापासून सुरू झाली. समीक्षकांचे त्याविषयीचे मत सुरुवातीपासून दुभंगलेले राहिले.

कर्तृत्व. खेळाचा कर्ता कोणाला म्हणावे, याबद्दल एकवाक्यता नाही. ‘विख्यात निर्माते केइजी इनाफुने आणि मेट्रॉइड प्राइमचे कर्ते’ अशी जोडओळख जाहिरातींत दिली गेली (मेट्रॉइड प्राइम हा निन्टेन्डोचा साहसी खेळ). तिचा पहिला भाग थोडा जपून घ्यावा लागतो. इनाफुने यांना ‘मेगा मॅनचे जनक’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी १९८७ च्या मूळ मेगा मॅन या खेळाच्या नायकाची व्यक्तिरेखा मुख्यतः अकिरा कितामुरा यांची होती. आपण ती पुढे घडवली, असे स्वतः इनाफुने यांनीच सांगितले आहे. मेगा मॅन काढणारी कॅपकॉम ही जपानी कंपनी सोडल्यावर २०१० च्या अखेरीस त्यांनी कॉम्सेप्टची स्थापना केली. जाहिरातीतला दुसरा भाग अधिक भक्कम आहे. मेट्रॉइड प्राइमचे (२००२) दिग्दर्शक मार्क पसिनी हे तो खेळ घडवणाऱ्या रेट्रो स्टुडिओजमधून बाहेर पडून २००८ मध्ये आर्मेचर स्थापन करणाऱ्यांपैकी एक होते, आणि रीकोरचे दिग्दर्शनही त्यांचेच आहे. कथालेखनात हेलो या व्हिडिओ गेम मालिकेमुळे परिचित असलेले जोसेफ स्टेटन यांचा वाटा होता. मूळ कल्पना कॉम्सेप्टची आणि प्रत्यक्ष बांधणी आर्मेचरची, अशी विभागणी सर्वसाधारणपणे मानली जाते. खेळाची घडण पाहता ती ग्राह्य वाटते. दुहेरी उडी आणि हवेतली झेप मेगा मॅनच्या वळणाची आहे. शत्रूवर आपोआप रोखली जाणारी नेमबाजी आणि नवे साधन हाती आल्यावर जुन्या बंद वाटांकडे परतणे हे मात्र उघडच मेट्रॉइड प्राइमचे संस्कार आहेत.

या वादाचा स्वागताशी थेट संबंध आहे. कॉम्सेप्टचाच मायटी नं. ९ हा लोकवर्गणीतून उभा राहिलेला खेळ जून २०१६ मध्ये, म्हणजे रीकोरच्या जेमतेम तीन महिने आधी आला आणि त्याची बरीच नाचक्की झाली. इनाफुने यांचे नाव वाचून खेळ हाती घेणारा परीक्षक त्यामुळे सावध होता, तर मेट्रॉइड प्राइमचे नाव वाचून आलेल्याच्या अपेक्षा फार चढलेल्या होत्या.

रचना. जूल ॲडम्स ही तरुणी फार ईडन नावाच्या वाळवंटी ग्रहावर दीर्घ शीतनिद्रेतून जागी होते. ग्रह माणसांना राहण्याजोगा करण्यासाठी पाठवलेली यंत्रे बंद पडलेली असतात आणि बरेचसे यंत्रमानव उलटलेले असतात. तिच्या सोबतीला मॅक हा श्वानरूपी, सेथ हा कोळ्याच्या आकाराचा आणि डंकन हा वानरासारखा असे यंत्रसोबती येतात. मॅक वाळू उकरून दडलेल्या वस्तू काढतो, सेथ भिंतींवरच्या रुळांवरून जूलला वर नेतो, डंकन खडक फोडतो.

लढाईचा मुख्य आधार रंग हा आहे. शत्रू लाल, निळा किंवा पिवळा असतो आणि बंदुकीचा रंग त्याच्याशी जुळवला की मार अधिक बसतो. शत्रू पुरेसा खिळखिळा झाला की जूल दोरी फेकून त्याच्या छातीतला गाभा (त्याला चालवणारा ऊर्जागोळा) ओढू लागते. ही चक्क रस्सीखेच असते : दोर ताणला जातो, शत्रू उलट हिसका देतो, नेमके त्या क्षणी ढील द्यावी लागते, नाहीतर दोर तुटतो. गाभा मिळाला तर सोबत्याची ताकद वाढवता येते. शत्रूला पुरते उडवून दिले तर गाभा हातचा जातो, पण नवे सुटे अवयव घडवण्याचे सामान मिळते. प्रत्येक चकमकीच्या शेवटी असा निवाडा करायला लावणे, ही या खेळाची सर्वांत चांगली कल्पना म्हणावी लागेल. परीक्षणांत तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

समीक्षा. उड्या मारण्यातली सफाई, लढाईचा वेग आणि मॅकचा गोडवा यांविषयी फारसे दुमत नव्हते. दोषांची यादीही बहुतेकांची सारखीच होती. मतभेद होता तो दोषांना किती वजन द्यायचे यावर. पहिला दोष तांत्रिक : एक्सबॉक्स वनवर जूल मेली किंवा प्रदेश बदलला की लोडिंगला मिनिटभराहूनही अधिक वेळ जात असल्याची तक्रार अनेकांनी नोंदवली. अवघड उड्यांच्या खेळात चूक होणे गृहीतच असते. तिथे प्रत्येक चुकीला एवढी प्रतीक्षा म्हणजे दुहेरी शिक्षा होय. प्रकाशनानंतरच्या दुरुस्त्यांनी हा काळ कमी केला, पण तोवर परीक्षणे छापून झाली होती.

दुसरा दोष रचनेतला आणि अधिक गंभीर. कथा पुढे सरकण्यासाठी ‘प्रिझमॅटिक’ गाभे ठरावीक संख्येने जमवावे लागतात. सुरुवातीला ते वाटेत सहज सापडतात. शेवटच्या मनोऱ्यात मात्र वर चढताना मागणी वाढत जाते, आणि कथेच्या ऐन भरात खेळाडूला जुन्या गुहा व शर्यती धुंडाळायला परत पाठवले जाते. याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. शोधक वृत्तीचा खेळाडू तिथवर पुरेसे गाभे घेऊनच पोचतो, म्हणून तक्रार अतिरंजित आहे, हे एक. अपुऱ्या मजकुराची लांबी वाढवण्याची ही क्लृप्ती होती, हे दुसरे. दुसऱ्याकडे कल अधिक जातो. कारण प्रकाशनापूर्वीच्या प्रसिद्धीत दिसलेला रणगाड्यासारखा यंत्रसोबती मूळ आवृत्तीत खेळायला मिळालाच नाही, आणि किंमतही त्या काळी मोठ्या खेळांना रूढ असलेल्या ६० डॉलरऐवजी ४० डॉलर ठेवली गेली. कमी किंमत हे काहींनी गुण देताना सौम्य राहण्याचे कारण मानले, तर काहींनी अपुरेपणाची कबुली.

मेटाक्रिटिक या परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या संकलकावर खेळाची सरासरी शंभरपैकी साठीच्या घरात स्थिरावली. ‘संमिश्र’ या शिक्क्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. हा संकलक खेळांसाठी ५० ते ७४ हा पट्टा संमिश्र धरतो, चित्रपटांसाठी मात्र ४० ते ६०. त्यामुळे ६५ गुणांचा चित्रपट ‘अनुकूल’ ठरतो आणि तेवढ्याच गुणांचा खेळ ‘संमिश्र’. रीकोरचे स्वागत वाचताना हे ध्यानात ठेवले नाही तर ते आहे त्याहून थंड वाटते.

सुधारित आवृत्ती. २९ ऑगस्ट २०१७ रोजी ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली. तीत टी८-एनके नावाचा तो रणगाडासदृश सोबती, नवा प्रदेश आणि कथेचा एक जादा भाग मिळाला. मूळ खेळ घेतलेल्यांना ती विनामूल्य होती. २०१८ मध्ये ती स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानातही आली. नव्याने परीक्षण करणारी नियतकालिके थोडी असल्याने तिच्या स्वागताविषयी ठाम विधान करणे कठीण आहे. कॉम्सेप्ट २०१७ मध्ये लेव्हल-५ या जपानी खेळकंपनीकडे गेली आणि आर्मेचर २०२२ मध्ये मेटाने (फेसबुकच्या मालक कंपनीने) विकत घेतली.